दवाखान्याचे बिल आणि शाळेची फी





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून म्हातारपण आणि औषधोपचाराच्या खर्चाविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटेल. परंतु आपापल्या घरचा हिशेब मांडून पाहा. शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल एकाच खिशातून जाते. घरात मोठे आजारपण आले की आधी शिल्लक संपते, मग अम्मीच्या बांगड्या मोडल्या जातात, मग व्याजाने पैसा काढावा लागतो. आणि शेवटी कोणाचे तरी शिक्षण थांबते. बहुतेक वेळा ते मुलीचे असते. म्हणून हा विषय शाळेचाच आहे.

आपले बल्लारपूर हे कष्टकऱ्यांचे गाव. कागद कारखाना, कोळशाच्या खाणी आणि रेल्वे यांच्या आधाराने ते वाढले. हातपाय चालतात तोवर घर चालते. पुढे काय, हा प्रश्न उरतो. कारखान्यांतील कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीतून मिळणारे निवृत्तिवेतन किमान किती असावे, तर २०१४ साली ते दरमहा १००० रुपये ठरले. एवढ्यात औषधे घ्यावीत की पीठमीठ? आणि ज्यांनी शिलाईयंत्रावर, हातगाडीवर किंवा सायकल दुरुस्तीच्या टपरीवर जन्म काढला, त्यांना तर तेवढाही आधार नसतो.

अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे एक निराळेच औदार्य दाखवितात. ती आपले दुखणे सांगत नाहीत. रक्तदाबाची रोजची गोळी एक दिवसाआड घेतात. डोळ्यांना दिसेनासे झाले तरी 'या वयात असे व्हायचेच' म्हणून गप्प बसतात. विचारले तर उत्तर ठरलेले : 'मला काय झालंय? आधी पोरीची फी भर.' यामागील माया मोठी आहे, यात शंका नाही. पण हिशेब चुकीचा आहे. गोळ्या वाचविल्याने महिन्याकाठी थोडे पैसे वाचतात, आणि अर्धांगवायूचा एक झटका आला की नागपूरच्या एका फेरीत नातीच्या सर्व वर्षांची फी खर्ची पडते. जिच्यासाठी गोळी चुकविली, तिचेच नुकसान होते. वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, दुखणे वेळेवर सांगणे हेही मुलांवर उपकार करणेच आहे.

आता मुलांविषयी. जकात कोणाला द्यावी याचे आठ प्रकार आपणांस ठाऊक आहेत. त्यांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. दवाखान्यामुळे कर्जबाजारी झालेला शेजारी या दृष्टीने आपण पाहावा. परंतु स्वतःच्या आईवडिलांना जकात देता येत नाही, हेही आपण जाणता. कारण उघड आहे. गरजू आईवडिलांना सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे, त्यांना दिलेला पैसा दान म्हणून मोजावयाचा नसतो. २००७ साली देशाने ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला, त्यामुळे आता न्यायाधिकरणाकडेही दाद मागता येते. पण ज्या घरात आईला अर्ज करावा लागतो, त्या घरात काय उरले? पैसे नसले तरी विचारपूस करता येते. 'अब्बा, गोळी घेतली का?' या प्रश्नाला पैसा पडत नाही.

आणि समाजाने काय करावे? एक उदाहरण आपल्या रेल्वेमार्गावरचेच आहे. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी ज्वारीवर आधारलेली आरोग्य विमा योजना चालविली. सुगीच्या वेळी, घरात धान्य असताना, प्रत्येक कुटुंबाने ज्वारी द्यावयाची. ज्याची शेती अधिक त्याने अधिक आणि मजुराने थोडी. पुढे आजार आला की उपचार सवलतीत. यात मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, वर्गणी आजारापूर्वी दिली जाते. दुसरी, गरीबही काही देतो, त्यामुळे घेताना त्याची मान खाली जात नाही. आपण मात्र माणूस खाटेवर पडल्यावर रुमाल पसरतो, आणि कोणी किती दिले याची मोहल्लाभर चर्चा करतो. देणे गुपचूप असावे आणि वेळेआधी असावे.

पैशाइतकीच गरज माहितीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते. २०२३ साली शासनाने ते पाच लाख करण्याचा व सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, समाविष्ट करण्यात आले. धर्मादाय न्यासाखाली चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार विनाशुल्क आहेत. विमा योजना मुख्यतः भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी असतात; म्हणून रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधी दुकान यांची वाट विसरू नये. मात्र औषध बदलताना डॉक्टरांना अवश्य विचारावे.

यात खरी अडचण येते ती कागदांची. आपल्याकडे एका कागदावर 'शेख' नावाच्या पुढे असते, दुसऱ्यावर मागे. आधार कार्डावर एक जन्मसाल आणि शिधापत्रिकेवर दुसरे. रुग्ण खाटेवर असताना हे दुरुस्त करण्यासाठी धावाधाव करावी लागते, आणि तोवर बिल वाढत राहते.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. या सुट्टीत आपल्या दादा-दादी, नाना-नानींचे कागद एका पिशवीत गोळा करा. नावे व जन्मतारखा ताडून पाहा. चूक असेल तर आताच दुरुस्त करून घ्या. त्यांचे कार्ड काढून द्या. कोणती गोळी केव्हा घ्यावयाची ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा. मग शेजारच्या अशा घरी जा, जिथे म्हातारे माणूस एकटेच राहते आणि लिहिता-वाचता येणारे कोणी नाही. ज्यांनी अंगठा उठवून तुम्हांला शाळेत घातले, त्यांच्यासाठी तुमची अक्षरओळख कामी येऊ द्या.