बॅक केलं आणि फॉर्म गेला!

आजचा भाग छोटा आहे, पण विषय रोजच्या वैतागाचा आहे.

मध्यंतरी आई मोबाईलवर एक फॉर्म भरत होती. अर्धा तास खपून शेवटच्या रकान्यापर्यंत आली. तारीख निवडायला कॅलेंडरचा पॉपअप उघडला. तो बंद करायला तिने सवयीने बॅक केलं, आणि अख्खं पानच गेलं. परत आलो तर सगळे रकाने रिकामे. आई म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं बघ." ते मला लागलं. कारण चूक तिची नव्हती, साइट बनवणाऱ्यांची होती. आणि मीही तेच काम करतो.

लॅपटॉपवर आपण एस्केप दाबतो, अँड्रॉइडवर बॅक करतो. अर्थ एकच: "हे समोरचं बंद कर." याला म्हणतात क्लोज रिक्वेस्ट. पण आमच्या कोडला एस्केप कळायचं, बॅक कळायचं नाही. मग जुगाड! पॉपअप उघडला की हिस्टरीत एक खोटी नोंद घालायची. जुगाड फसला की तुम्ही बॅक, बॅक, बॅक करत बसणार.

2024 मध्ये क्रोम 126 सोबत क्लोजवॉचर आला. पॉपअप उघडताना एक वॉचर तयार करायचा. मग एस्केप असो की बॅक, ब्राउझर तो पॉपअप बंद करायला सांगतो. शेवटी उघडलेला आधी बंद होतो, पान जागच्या जागी राहतं. "नक्की बंद करू?" असंही विचारता येतं.

मग एखादी साइट आपल्याला अडकवूनच ठेवेल का? नाही. एकदा अडवल्यावर, मध्ये पानाला हात न लावता तुम्ही पुन्हा बॅक केलं, तर पॉपअप बंद होतोच. हा नियम मला फार आवडला.

साइट बनवत असाल तर एचटीएमएलचा तयार डायलॉग वापरा. क्रोममध्ये त्याला ही सोय आपोआप मिळते. स्वतःचा पॉपअप बनवलात, तर ब्राउझरमध्ये क्लोजवॉचर आहे का ते आधी तपासा. आणि हो, लॅपटॉपवर नाही, फोनवर बॅक करून बघा.

बाकीच्यांना एवढंच सांगतो: पुढच्या वेळी फॉर्म गेला, तर स्वतःला दोष देऊ नका. आईलाही मी तेच सांगितलं, आणि तिच्या शेजारी बसून फॉर्म पुन्हा भरला.

भेटू पुढच्या भागात!