मंडपाची परवानगी म्हणजे माणसांची काळजी

(वार्षिक मेळाव्यात कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मी विचारवंत नाही, वक्ताही नाही. तारा ओढण्यात आणि फ्यूज बांधण्यात आयुष्य गेलेला मी एक वायरमन. म्हणून आज मी आपल्यापुढे माझ्या धंद्यातलाच विषय मांडणार आहे. आपण जयंती करतो, बुद्धपौर्णिमा करतो, मेळावे भरवतो. त्यासाठी मंडप, कमान, रोषणाई आणि लाऊडस्पीकर लागतात. या सर्वांची परवानगी का घ्यावी व कशी घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

परवानगीचा विषय निघाला की आपल्या खान्देशात ठरलेले उत्तर मिळते, "एक दिननं काम शे भाऊ, कागद कसाले?" हे उत्तर मीही अनेकदा दिलेले आहे. त्याची किंमत काय असते ते आधी सांगतो.

बरीच वर्षे झाली. गावाचे नाव सांगत नाही. तेरा एप्रिलची संध्याकाळ होती. वस्तीच्या तोंडाशी लोखंडी पाइपांची कमान उभी करायची होती आणि वरून अकरा हजार व्होल्टची लाइन गेलेली होती. मुलांनी मला विचारले, "काका, जमेल का?" मी मान वर करून पाहिले आणि म्हणालो, "तार उंच आहे, सांभाळून करा." एवढे बोलून मी घरी जेवायला गेलो. कमान उभी करताना एका बाजूचा दोर सुटला, पाइप तारेकडे कलला आणि बारावीत शिकणारा एक मुलगा जागीच गेला. तासभर लाइन बंद ठेवा असा साधा अर्जही कोणी दिलेला नव्हता. पुढे भरपाईचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "परवानगी होती का?" त्याच्या आईजवळ दाखवायला एक कागद नव्हता. माझे ते एक वाक्य आजही मला झोपू देत नाही. म्हणून मी हे भाषण करतो आहे.

मित्रहो, असे अपघात मोठ्या प्रमाणावरही घडलेले आहेत. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली. कृत्रिम धाग्याचे कापड भराभर पेटले, बाहेर पडायची वाट अपुरी पडली आणि चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुले होती. आपल्याकडे तर एप्रिल-मे महिन्यांत लाकूड, कापड, गवत सारे वाळून कोळ झालेले असते. दुपारचा वारा सुटला की ठिणगीला वेळ लागत नाही, आणि संध्याकाळी वळवाचे वादळ आले तर मंडपच उडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट जागेची. गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका यांची लेखी परवानगी हवी. जळगाव आणि धुळे येथे २००३ पासून महानगरपालिका आहेत, तेव्हा अर्ज तिकडे करावा. रस्ता अडवून मंडप घालण्याविरुद्ध ठाण्याच्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट निकाल दिला आहे. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब जाईल एवढी वाट सोडलीच पाहिजे. उद्या ती रुग्णवाहिका आपल्याच वस्तीत यायची असते.

जागेप्रमाणे खाते बदलते, हेही ध्यानात ठेवावे. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी धुळ्यात न्यायालयाच्या कामासाठी आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे हजारो लोक जमतात. ती जागा वनातली आहे आणि दिवस पावसाळ्याचे असतात. अशा ठिकाणी वनखात्याला विचारल्याशिवाय खड्डा खणू नये, चूल पेटवू नये आणि ओल्या जमिनीवरून वायर तर मुळीच टाकू नये.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. मिरवणुकीचा मार्ग आणि लाऊडस्पीकर यांचा परवाना तेथून मिळतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी तेवढी मध्यरात्रीपर्यंत सूट असते. आपल्याच वस्तीतला विद्यार्थी उद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत असतो, हे आपण विसरू नये. मंडळ नोंदलेले नसेल तर वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. पावतीपुस्तक स्वच्छ असले म्हणजे कार्यकर्ता ताठ मानेने फिरतो.

तिसरी गोष्ट विजेची. येथे मी जरा थांबणार आहे. पूर्वी वीज मंडळ होते, २००५ पासून महावितरण आहे. तेथे तात्पुरत्या जोडणीसाठी अर्ज करता येतो. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो आणि अनामत भरावी लागते. मंडळींना वाटते की हे फार महाग पडते. परंतु वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत उत्सवांच्या तात्पुरत्या विजेसाठी वेगळा वर्ग ठरवताना डॉ. आंबेडकर जयंतीचा नावानिशी उल्लेख झालेला आहे. मग आकडा कशाला टाकायचा? २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब करावा. ५०० वॅटचे दहा हॅलोजन म्हणजे ५००० वॅट. ध्वनियंत्रणेचे २००० धरा. एकूण ७००० वॅट. त्याला २३० ने भागले म्हणजे सुमारे ३० अँपिअर. शेजाऱ्याच्या घरातला मोठा प्लगसुद्धा १६ अँपिअरचा असतो. त्यातून ३० ओढले म्हणजे वायर तापणार, वितळणार आणि वरच्या कापडाला आग देणार. म्हणून जोडणी मागताना भार खरा लिहावा. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरोधक यंत्र बसवावे. लोखंडी खांबांना अर्थिंग द्यावे. जोड उघडे ठेवू नयेत.

जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी तारेत जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून अकरा हजारांची होते, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला कर्मचारी मरतो. तोही कोणाचा तरी मुलगा असतो.

मंडपाबाबत भारतीय मानकांत सूचना आहेत. जिवंत तारेखाली मंडप नको. वीज उपकेंद्र आणि रेल्वेमार्ग यांपासून १५ मीटर अंतर हवे. छत ३ मीटरपेक्षा खाली नको. याशिवाय बाहेर पडायला समोरासमोर दोन मोकळ्या वाटा ठेवाव्यात. वाळूच्या बादल्या, पाण्याचे पिंप आणि स्विच कुठे आहे हे माहीत असलेला एक जागा माणूस, एवढे तरी असावेच.

कोणी म्हणेल, "आपण अर्ज केला की मुद्दाम अडवतात." हा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. जागा नाकारली जाणे आपल्याला नवे नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली आणि तेथे मंडप उभा राहिला. तळ्यावर जाण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती. बाबासाहेबांनी ती मनाई मोडली नाही. खटला लढवला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात तो जिंकला. तेव्हा महिनाभर आधी अर्ज करा, पोच घ्या, नाकारले तर कारण लेखी मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आणि लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आपल्या हाती आहे. कागद असेल तरच भांडता येते.

शेवटी एकच सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना देशाच्या वीजधोरणाचा पाया घालणाऱ्यांत बाबासाहेब होते. त्यांच्या जयंतीचा दिवा चोरीच्या विजेवर लागू नये. प्रत्येक मंडळाने दोन विद्यार्थी केवळ परवानग्या आणि वीजसुरक्षा या कामासाठी नेमावेत. कमान उभी करण्यापूर्वी त्यांनी मान वर करून पाहावे, आणि माझ्यासारखे घरी जेवायला न जाता काम पुरे होईपर्यंत तेथेच उभे राहावे.