मैत्री क्लिनिक आणि आपली मुलं
(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेच्या वतीने झालेले भाषण)



वर्धापनदिनी वर्गणीचा हिशेब होतो, वर्षावासातील ग्रंथवाचनाचा अहवाल होतो. आम्ही अभ्यासिका चालवणारे आज आमच्या एका चुकीचा हिशेब देणार आहोत.

काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा आमच्याकडे यायचा. नाव सांगत नाही. थंडी पडली की त्याच्या खाड्या सुरू. पाय दुखतात, कंबर दुखते म्हणायचा. पी.टी.च्या तासाला बसून राहतो म्हणून शाळेत बोलणी खायचा. घरी आई म्हणे, "अभ्यास आला का याचं दुखणं येते." आणि आम्ही? आम्ही त्याला सगळ्या पोरांसमोर ऐकवलं, की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत आणि तुला दोन तास बसवत नाही. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

पुढे एका रात्री कण्हत पडला तेव्हा सरकारी दवाखान्यात नेला. रक्त तपासलं. सिकलसेल निघाला, एसएस पॅटर्न.

हा आजार विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात जास्त आढळतो, हे आपण सगळे ऐकून आहोत. तरी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथे कळा सुटतात. थंडी, ताप, पोटात पाणी कमी, फार दमणूक, यांनी कळा वाढतात. म्हणजे पी.टी. चुकवण्यात त्याचा आळस नव्हता, बरं का. डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक अॅसिड, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया आणि भरपूर पाणी, यांवर अशी मुलं शिकू शकतात, नोकरी करू शकतात.

एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. पण आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. आपण पत्रिका जुळवणं सोडलं, चांगलं केलं. (काही घरांत अजून लपून बघतात, तो विषय वेगळा!) पण सोयरीक जुळवताना दोघांचं रक्त तपासायला लाज कशाची? 1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. मॅट्रिकच्या आधीच मुलांची तपासणी करून घ्या.

एवढं झाल्यावरही पोरगा घरातून निघेना. "मी शिकून काय करू?" हेच एक. नातेवाईकांची कुजबुज त्याच्या कानावर गेली होती. औषध होतं, पण मनाचं काय? दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला त्याच इमारतीतल्या मैत्री क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी आधी अर्धा तास त्याचं ऐकून घेतलं. मग आईला वेगळं बसवून समजावलं. शाळेला सांगितलं, की याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि लघवीला जायला अडवू नका. साधी गोष्ट आहे, पण ती कोणीतरी सांगावी लागते. पोराने पुढे दहावी दिली, पण एक वर्ष वाया गेलं. ते वर्ष आमच्या नावावर आहे.

2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत जी केंद्रं आहेत, त्यांना आपल्या महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक म्हणतात. मेत्ता आपल्याच घरचा शब्द, पण त्या दारात आपली मुलं कमीच दिसतात. पाळीचा त्रास, अंगावर रक्त कमी, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, तंबाखू-खर्र्याची सवय, प्रेमाबिमाच्या भानगडी, सगळं तिथे बोलता येतं. पैसे लागत नाहीत, गवगवा होत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरी आईच्या धाकाने फेकून देतात, हे आम्ही पाहिलं आहे. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. मात्र सिकलसेल असलेल्या मुलाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

आणि एक. निकालाच्या दिवसांत पोरगं गप्प झालं, जेवेना, "मरून जावं वाटते" असं बोललं, तर त्याला धमकी समजू नका, रागावू नका. त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. 2022 पासून ही सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

विनयात एक प्रसंग आहे. अतिसाराने एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. आजारी का पडलास, असं दरडावलं नाही. दुखणं काय आहे आणि सेवेला कोणी आहे का, एवढंच विचारलं. आम्ही मात्र अठरा तासांचा दाखला देत बसलो होतो.

आता अभ्यासिकेत माठाशेजारी प्रत्येकाची बाटली असते आणि थंडीत जाड सतरंजी अंथरतो. ज्याला मैत्री क्लिनिकला एकट्याने जायला संकोच वाटतो, त्याच्यासोबत आमच्यातले दादा किंवा ताई येतील. रविवारी वंदनेनंतर येऊन सांगा. कशासाठी जायचं ते आम्ही विचारणार नाही.

जयभीम.