काढा, घोंगडी आणि घामाचा हिशेब

(वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



आपण जमतो तेव्हा बोलणे कापसाच्या भावाचे असते, ज्वारीच्या आडतीचे असते, विजेच्या बिलाचे असते. आज आम्ही सर्दी, ताप आणि रात्रीचा घाम यांवर बोलणार आहोत. कुणाला वाटेल, हा काय बैठकीत बोलायचा विषय झाला? घरातली म्हातारी हे सगळे सांगते. खरे आहे. ती सांगते, आणि पुष्कळसे बरोबरच सांगते. पण आपण उत्पादनखर्च मांडतो तेव्हा बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, वेचणीची मजुरी धरतो. ऐन वेचणीत घरातले एक माणूस तापाने पडले, दुसरे त्याच्या उशाशी बसले आणि तिसऱ्याने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेले, तर तो खर्च कोणत्याच तक्त्यात येत नाही. तो सावकाराच्या वहीत येतो.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. घरचे औषध आराम देते. ते द्यावे, मनापासून द्यावे. पण त्याला दिवसांची मुदत घालावी. उधारीला मुदत असते, कर्जाला असते, मग काढ्याला का नसावी?

आधी घरच्या औषधाचे पाहू. पौषात आपण ज्वारीच्या राखणीला रात्र काढतो. लाईट रात्रीची आली तर कडाक्याच्या थंडीत बारे द्यायला जातो. भाव येईल म्हणून कापूस घरातच रचून ठेवतो आणि त्याच्याच शेजारी झोपतो. अंगाला खाज सुटते, नाकात धूळ जाते, घसा धरतो. त्यात घरात एकाला सर्दी झाली की सगळ्यांना होते. सर्दी विषाणूने होते. त्याला मारणारी गोळी नाही, अंगच त्याला आठवडा-दहा दिवसांत हुसकावून लावते. औषध घेतले तर सात दिवस आणि नाही घेतले तर एक आठवडा, असे लोक थट्टेने म्हणतात ते खोटे नाही. अशा सर्दीला अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणे म्हणजे बोंडअळीवर तणनाशक फवारणे. अळी मरत नाही, पैसे मात्र जातात.

मग काढ्याने काय होते? गवती चहा, आले, तुळस, थोडा गूळ घालून उकळलेले पाणी प्यायले की घशाला शेक मिळतो, कफ सुटतो आणि अंगात पाणी जाते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की घशाची टोचणी कमी होते. झोपताना चमचाभर मध घेतला की खोकल्याची उबळ कमी होते. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्याने विषबाधा होऊ शकते. वाफारा मोठ्या माणसाने घ्यावा. लहान मुलांसमोर उकळत्या पाण्याचे पातेले ठेवू नये, पोर भाजते. बाळाच्या नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरले तर सर्दी परवडली म्हणायची वेळ येते. आणि पोराच्या छातीला बिब्बा लावून कातडी जाळायचे आता सोडून द्यावे.

आता तापाकडे येऊ. ताप आला की म्हातारी दोन घोंगड्या टाकते आणि म्हणते, घाम येऊ द्या, घामावाटे ताप निघतो. यात थोडी गल्लत आहे. रोगजंतू अंगात शिरले की मेंदू अंगाची उष्णता मुद्दाम वाढवायला लावतो. उष्णता वाढवायची म्हणून अंग थरथरते, हुडहुडी भरते. त्या वेळी पांघरूण हवेच वाटते, ते द्यावे. पुढे मेंदू उष्णता उतरवायचे ठरवतो तेव्हा घाम सुटतो. म्हणजे ताप उतरू लागतो म्हणून घाम येतो, घाम काढल्याने ताप उतरत नाही. तेव्हा घाम सुटला की घोंगडी काढा, ओले कपडे बदला, कोमट पाण्याने अंग पुसा. गार पाणी ओतू नका, त्याने पुन्हा हुडहुडी भरते.

दुसरी चूक लंघनाची. तापात भूक मंदावते हे खरे, पण माणसाला उपाशी ठेवून ताप जात नाही. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे माडगे, पातळ वरण, ताक, जे दोन घोट जाईल ते द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. अंग फार ठणकत असेल तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. पुन्हा लागली तर चार ते सहा तासांनी, दिवसभरात चारच्या वर नको. मुलाचे प्रमाण त्याच्या वजनावर असते, ते आशाताईला किंवा नर्सबाईला विचारावे. डेंगीच्या दिवसांत अ‍ॅस्पिरिन आणि ठणक थांबवणाऱ्या इतर गोळ्या घेऊ नयेत, रक्तस्राव वाढतो. आणि डेंगीत ताप उतरला म्हणजे सुटलो असे नाही. ताप उतरतानाच पोटात जोराने दुखले, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आले, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

इथे कुणी म्हणेल, एवढ्याने भागत नाही, अशक्तपणाला बाटली चढवावीच लागते. मग बाटलीचा हिशेब मांडू. अर्ध्या लिटरच्या मिठाच्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्याला तोंडाने पाणी जाते त्याला हेच घरी मिळते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाटली लागते ती बेशुद्ध माणसाला, सारखी उलटी होणाऱ्याला, पार सुकून गेलेल्याला. त्याला ती तातडीने लावावी. चालत दवाखान्यात गेलेल्या माणसाने ती मागून घेऊ नये. आपण मागतो म्हणून ती चढवली जाते, हेही आपण कबूल केले पाहिजे.

लहान मुलाच्या सर्दीत एक गोष्ट प्रत्येक आईला यायला हवी, ती म्हणजे श्वास मोजणे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था काढली. तिथे गावच्या माणसांना, अक्षरओळख नसलेल्या सुईणींनासुद्धा, बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले, आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. हिशेब सोपा आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो न्यूमोनिया समजावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ पीत नसेल, तर आकडा मोजत बसू नका. अशा वेळी काढा नाही, १०८ ची गाडी.

आता घाम. शेतकऱ्याला घाम नवा नाही, पण उन्हातला घाम वेगळा आणि अंथरुणातला वेगळा.

हुडहुडी भरून ताप चढतो, मग दरदरून घाम येतो, आणि हेच एक दिवसाआड होते. तो हिवताप असू शकतो. तो डासातून येतो याचा पहिला पुरावा १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सापडला तो सिकंदराबादच्या छावणीत, निजामाच्या राज्यात. आपला जालनाही तेव्हा त्याच राज्यात होता. रक्ताचा एक थेंब तपासून निदान होते, सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध फुकट आहे.

फवारणी करून आल्यावर घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळे पाणावतात, बाहुली बारीक होते, अंग फडफडते. हा ताप नव्हे, विषबाधा आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपल्यासारखेच कापूसवाले होते. अशा माणसाचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, दूध-तूप काही पाजू नका, औषधाचा डबा बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात न्या.

पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईला पाळी जाण्याच्या वयात रात्री एकदम अंगातून वाफा निघतात, घाम येतो. त्यात घाबरण्यासारखे नाही, पण तिला हसूही नये. साखरेच्या आजाराच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्याला थरथरून घाम आला तर आधी साखर द्यावी. आणि छातीत दाबल्यासारखे होऊन गार घाम आला तर क्षणभर थांबू नये.

राहिला शेवटचा घाम, आणि त्यासाठीच आज उभे राहिलो. आमच्यातल्याच एका घराची गोष्ट आहे, नाव घेत नाही. दिवाळीत त्या भावाला संध्याकाळी कणकण यायची. पहाटे सदरा ओला, उशी ओली. आई रोज गोधडी उन्हात टाकायची आणि काढा द्यायची. खोकला होता, पण घरात छतापर्यंत कापूस. आम्ही स्वतः भेटलो होतो त्याला. आम्हीही म्हणालो, कापसाची धूळ आहे, कापूस गेला की जाईल. कापूस गेला, खोकला राहिला. तीन दवाखाने झाले, बाटल्या झाल्या, एक बैल गेला. होळीला पायजमा कमरेला ठरेना तेव्हा कुणीतरी थुंकी तपासायला सांगितले. क्षय निघाला. तो बरा झाला, आज औत हाकतो. पण तेवढ्या महिन्यांत त्याच्या कुशीत झोपणाऱ्या लहान मुलीलाही तो लागला होता. तीही बरी झाली. तरी आम्ही दिवाळीत जे बोललो ते आमच्या मनातून जात नाही. थुंकीची तपासणी तेव्हाही फुकटच होती.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवला. एकेकाळी क्षयाचा माणूस म्हणजे घरातून उठवून लांबच्या आरोग्यधामात ठेवायचा, नाहीतर वाट पाहायची. मद्रासमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राने गरीब वस्तीतले रोगी घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरी राहून औषध घेणारेही तितकेच बरे होतात. साऱ्या जगाने तो धडा घेतला. म्हणजे रात्रीच्या घामाचे खरे औषधही घरीच घ्यायचे असते. मात्र ते काढ्याचे नाही, गोळ्यांचे, आणि निदान सहा महिने. दोन महिन्यांत भूक लागते, वजन वाढते, आणि माणूस गोळ्या सोडतो. अर्धे तण काढून वखर उभा करण्यासारखे आहे ते. उरलेले तण दुप्पट जोराने येते, आणि मग साधी औषधे चालत नाहीत.

घरच्यांचे काम इथेही आहेच. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्यांना धान्य-डाळीचा शिधा देऊन पाहिले. त्या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. भाकरी आणि वरण हे औषधाच्या जोडीचे आहे. रोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. ते मागून घ्या, तो उपकार नाही. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. आणि लेक लग्नाची आहे म्हणून तिचा खोकला लपवू नका. लपवलेला खोकला सासरी जातो, बरा झालेला जात नाही.

आता घरी गेल्यावर करायचे काम सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे लिटर लिहितो, गड्याचे खाडे लिहितो. तिथेच ताप आला त्या तारखेला एक फुली मारा, खोकल्याची दुसरी. तापाच्या तीन फुल्या झाल्या की रक्त तपासायला जा. खोकला, संध्याकाळची कणकण किंवा रात्रीचा घाम यांपैकी कशाच्याही चौदा फुल्या झाल्या की थुंकी तपासायला जा. तोवर काढा आहे, माडगे आहे, म्हातारीचा हात कपाळावर आहे. त्यानंतरही म्हातारीला सोडू नका, दवाखान्यात तिलाच बरोबर न्या. कोणत्या रात्री उशी ओली झाली, ते तिला सगळ्यांत चांगले ठाऊक असते.