उरलेल्या सहा दिवसांचा विश्वास



धारावी बेटाच्या वतीने मी या संमेलनात आपणा सर्वांचं स्वागत करतो. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, ही धारावी मुंबईतली नव्हे. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे मनोरीची खाडी आणि समोर समुद्र, अशी ही आमची भूमी. 1739 साली वसई घेण्याआधी चिमाजी अप्पांच्या फौजेने धारावीचा किल्ला घेतला. पोर्तुगिजांची सत्ता गेली, पण इथल्या कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी आपला विश्वास सोडला नाही, आणि बोलीही सोडली नाही. आजही आमच्याकडे लग्नाला उंबराचं पाणी आणतात, ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी नेतात. ख्रिस्ती होणं म्हणजे या मातीतून उठून दुसरीकडे जाणं, असं आमच्या आजी-आजोबांना कधी वाटलं नाही.

या परंपरेला मोठे पूर्वज आहेत. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याचं कामही तिथल्याच स्त्रियांनी केलं.

पण आजच्या विषयाच्या, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या विश्वासाच्या, दृष्टीने मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांचं मन कसं बदललं, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी निर्भीडपणे लिहिलं आहे. धर्माचा निर्णय होण्याआधी त्यांनी शिवाशिवीचा प्रश्न स्वतःच्या मनाशी सोडवला. कुणाच्या हातचं पाणी घ्यायचं, कुणाच्या घरी जेवायचं, हे आधी ठरलं. बाप्तिस्मा नंतर झाला. आपण कित्येक जण या बाबतीत उलटे चाललो आहोत. बाप्तिस्मा पाळण्यात झाला आणि जात मात्र घराघरांत अजून बसलेली आहे. सोयरीक जुळवताना ती बाहेर येते. काही ठिकाणी ती दफनभूमीपर्यंत पोहोचते. या संमेलनात तिच्याबद्दल स्पष्ट बोललं गेलं पाहिजे, अशी माझी विनंती आहे.

संस्कृती जपण्यात आपण कमी पडलेलो नाही. लुगडी नेसून सण करतो, जुनी गाणी गातो, मराठी मिस्सा भरलेली असते. कमी पडतो ते रविवारनंतरच्या सहा दिवसांत.

आमच्या बंदराचं उदाहरण घ्या. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. बहुतेक नाखवे ही बंदी पाळतात, काही पाळत नाहीत. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लं येतात, ती बाजारात विकलीही जातात. 2023 साली राज्य शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पण शासनाचा माणूस दर होडीवर असणार नाही. पिल्लू परत सोडायचं की टोपलीत टाकायचं, हा निर्णय नाखवा एकटा घेतो, आणि डोक्यावर डिझेलचं कर्ज असताना घेतो. त्याला नुसतं प्रवचन देऊन भागणार नाही. पहाटे चारला तो कोणत्या अडचणीत असतो, हे आपल्या धर्मचिंतनाला माहीत असायला हवं.

दुसरं उदाहरण खुद्द आपल्या मीरा-भाईंदर शहराचं. 2011च्या जनगणनेतच इथली वस्ती आठ लाखांवर गेली होती. या साऱ्या वस्तीचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येतो. तिथल्या दुर्गंधीबद्दल आणि धुराबद्दल आमची माणसं अनेक वर्षं आवाज उठवत आहेत. शासनाकडे न्याय मागायलाच हवा. त्याचबरोबर आपल्या लग्नाच्या मांडवातून रात्री किती थर्माकोल आणि प्लास्टिक त्याच डोंगराकडे जातं, हेही पाहायला हवं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी खाडीपलीकडे हरित वसईसाठी लढा उभारला. विहिरीचं पाणी आणि केळीची वाडी हे धर्मगुरूचे विषय आहेत, हे त्यांनी महाराष्ट्राला पटवलं. 2020 साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या घरांतून आनंदाने रडलेली माणसं मी पाहिली आहेत. 25 जुलै 2024 रोजी ते गेले. त्यांच्या आठवणीला या व्यासपीठावरून मी वंदन करतो.

आणखी एक प्रश्न मीरा रोडच्या जिन्याजिन्यात रोज उभा राहतो. घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारलं जातं. हे आपल्याही वाट्याला आलं आहे, आणि आपणही हे दुसऱ्यांच्या बाबतीत केलं आहे. शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपण लहानपणापासून पाठ केला. जखमी माणसाला उचलताना त्याने त्याचं नाव-गाव विचारलं नव्हतं. रिकाम्या फ्लॅटची किल्ली हातात असताना ही गोष्ट आठवणं, याला मी विश्वास म्हणतो.

या दोन दिवसांत विद्वान निबंध वाचतील, चर्चा होतील. राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा. गेले कित्येक आठवडे नोकरी-धंदा सांभाळून ही मुलं-मुली राबली आहेत.

वक्त्यांकडे माझं एकच मागणं आहे. मागच्या रांगांत आमच्या कोळिणी बसल्या आहेत. त्या आज बाजार बुडवून आल्या आहेत. प्रत्येक सत्रात प्रश्नोत्तरं सुरू झाली की ध्वनिक्षेपक आधी त्यांच्याकडे द्या, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देऊन मगच पुढे जा.