मिटफर्ड बहिणी : एक पुस्तक पुरत नाही

मिटफर्ड घराण्याविषयीचे वाचन एका पुस्तकावर थांबवू नये. लॉर्ड रेडस्डेल यांना सहा मुली आणि एक मुलगा. नॅन्सी, डायना, जेसिका आणि डेबोरा या चौघींनी आठवणी वा कादंबऱ्या लिहिल्या, आणि प्रत्येकीच्या पुस्तकातले घर निराळे आहे. भाऊबंदकीतल्या बांधाच्या वादासारखेच हे. थोरला शेत दाखवतो तेव्हा त्याचे पटते, धाकटा पलीकडून नेतो तेव्हा त्याचे. मोजणीला सगळेच बांध तुडवावे लागतात.

सुरुवात नॅन्सीच्या ‘द पर्स्यूट ऑफ लव्ह’ (1945) या कादंबरीने करावी. शिकारी कुत्र्यांना पोटच्या मुलांच्या मागावर सोडणारे अंकल मॅथ्यू म्हणजे तिचे वडीलच. हा खेळ त्या घरात खरोखर चाले. कादंबरी बेहद्द विनोदी आहे आणि बहुतेक वाचक तिथेच फसतात. ‘विक्षिप्त घराणे’ म्हणून हसून पुस्तक मिटतात. याच घरातल्या डायनाने 1936 साली ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वाल्ड मोझलीशी बर्लिनमध्ये गोबेल्सच्या घरी लग्न केले, हिटलरच्या उपस्थितीत. हिटलरभक्त बहीण युनिटीने युद्ध जाहीर होताच म्युनिकमध्ये स्वतःवर गोळी झाडली. ती वाचली, पण अधू होऊन, आणि 1948 मध्ये वारली. कादंबरीत यातले काही नाही. नॅन्सीने त्याआधी ‘विग्ज ऑन द ग्रीन’मध्ये (1935) फॅसिस्टांची टर उडवली होती. त्यावरून बहिणींत वितुष्ट आले, आणि युद्धानंतर तिने ते पुस्तक पुन्हा छापू दिले नाही.

दुसरा बांध जेसिकाचा. ‘हॉन्स अँड रेबेल्स’मध्ये (1960) ती आणि युनिटी यांची एकच खोली आहे : एका बाजूला स्वस्तिक, दुसऱ्या बाजूला विळा-हातोडा. 1937 मध्ये ती प्रियकर एस्मंड रोमिलीबरोबर स्पेनला पळाली. तिचे कथन धारदार आहे, पण इतर बहिणींना ते सगळे मान्य नव्हते. म्हणून तिच्यावरही थांबू नये. डायनाचे ‘अ लाइफ ऑफ कॉन्ट्रास्ट्स’ (1977) जपून वाचावे. शैली देखणी, पश्चात्ताप नाही. डेबोराचे ‘वेट फॉर मी!’ (2010) सर्वांत मायाळू.

मोजणीची साखळी मात्र पत्रांतच सापडते. शार्लट मोझली यांनी संपादित केलेला सहा बहिणींचा पत्रसंग्रह 2007 मध्ये निघाला. संपादिका डायनाची सून, हेही ध्यानात असावे. 1940 मध्ये नॅन्सीने डायना धोकादायक असल्याचे सरकारला कळवले. डायना तुरुंगात गेली, आणि पुढे नॅन्सी तिलाच लाडाची पत्रे लिहीत राहिली. डायनाला ही चहाडी कळली ती नॅन्सीच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. असा पेच एकीच्याच पुस्तकातून उलगडत नाही. उरलेली बहीण पामेला हिने पुस्तक लिहिले नाही. तिचा आवाज ऐकायचा तर पत्रांतच.

बाहेरच्या नजरेसाठी मेरी लव्हेल यांचे ‘द मिटफर्ड गर्ल्स’ (2001) घ्यावे. अमेरिकेतल्या अंत्यसंस्कारांच्या धंद्यावरचे जेसिकाचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ (1963) घराण्याबाहेरचे, पण तिचे उत्तम काम तेच. नॅन्सीने लिहिलेल्या फ्रेंच इतिहासावरच्या चरित्रांपैकी ‘मादाम द पाँपादूर’ (1954) आधी वाचावे.