नळाच्या मागे चालत जाऊ या

(बार्शी येथील युवा शिबिरात केलेलं भाषण)



पाण्यावर बोला, असं मला सांगण्यात आलं. मी माझ्याच चुकीपासून सुरुवात करतो.

अब्बा गेल्यावर आम्ही भावंडांनी त्यांच्या नावे मोहल्ल्यात बोअर मारला. सदका-ए-जारिया म्हणून. टाकी बसवली, चार तोट्या लावल्या, फरशीवर नाव कोरलं. लोक पाणी भरायचे, दुआ द्यायचे. पाच वर्षांत आम्ही ते पाणी एकदाही तपासलं नाही. मग एका पावसाळ्यात गल्लीतली लेकरं जुलाबानं आजारी पडली. ओळखीच्या एका आरोग्यसेवकानं एचटूएस बाटलीत नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी काळं झालेलं होतं. पाण्यात मैला मिसळत असल्याची ती खूण.

बोअरपासून आठ-दहा पावलांवर एका घराचा शोषखड्डा होता. तो आमच्या बोअरच्या आधीपासूनचा. बोअर मारताना आम्हाला दिसलाही होता. पण जागा सोयीची होती, म्हणून कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून पाणी वेगानं जातं, मातीत गाळलं जावं तसं तिथं गाळलं जात नाही. आम्ही दीडशे फुटांवर पाणी लागलं म्हणून खूश होतो. ते कुठून येतंय, हे विचारलं नाही.

आज मला एवढंच सांगायचंय. आपण नळाकडे बघतो, स्रोताकडे बघत नाही. पाणी चार दिवसांनी आलं तर मोर्चा काढतो. पण ते जिथून येतं तिथं काय चाललंय, हे बघायला कुणी जात नाही.

बार्शीच्या नळाला उजनीचं पाणी येतं. उजनी भीमेवर आहे, आणि वरच्या अंगाला पुणे, पिंपरी-चिंचवड. तिथलं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. उन्हाळ्यात जलाशयाच्या फुगवट्याचं पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळं. शुद्धीकरण केंद्र आपलं काम करतं, पण स्रोत जितका घाण तितका त्याच्यावर भार. म्हणजे आपल्या ग्लासातल्या पाण्याचा प्रश्न पुण्याच्या नाल्यावर सुरू होतो.

आणि स्रोतच आटला तर? एप्रिल २०१६ आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ती गाडी आपल्या बार्शीवरूनच जायची. तुमच्यातल्या काहींनी लहानपणी ती पाहिली असेल.

तुमच्यापैकी बरेच जण खेड्यांतून आलात. तुमच्या गावासाठी व्यवस्था आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रामपंचायतीच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. जोखीम जास्त असेल तर लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. तुमच्या गावाला कोणतं मिळालंय, हात वर करून सांगा. बघा, कुणालाच माहीत नाही.

कायदाही आहे. १९९३ साली महाराष्ट्रानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे त्यात आलं. पुढं त्याची जागा २००९च्या अधिनियमानं घेतली. पण अंतर मोजायला टेप घेऊन कोण जातं?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. फिकहमध्ये विहिरीला 'हरीम' असतो, म्हणजे तिच्याभोवतीची राखीव हद्द. तिथं दुसऱ्यानं विहीर खणायची नाही. साचलेल्या पाण्यात लघवी करायला पैगंबरांनी मनाई केली. हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमा विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली, हे आपण मिलादच्या बयानात ऐकतो. विहीर देणं हा सवाब, तर ती राखणं हीसुद्धा तितकीच जबाबदारी. आम्ही पहिलं केलं, दुसरं विसरलो.

मग करायचं काय? येत्या महिन्यात आपापल्या वस्तीतल्या मशिदीचा, शाळेचा, सबीलचा बोअर बघून या. पंधरा मीटरच्या आत शोषखड्डा, गटार, उकिरडा, गोठा आहे का? ओट्याला तडे गेलेत का? सांडलेलं पाणी तिथंच मुरतं का? केसिंग जमिनीच्या वर आहे का? वहीत लिहा, तारीख घाला. मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. गावात जलसुरक्षकाला भेटा, क्लोरीन तपासताना शेजारी उभे राहा; नळाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. शहरात नगरपालिकेकडे तपासणी अहवाल मागा. देत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. आणि हे एकट्या मुसलमानांनी करू नका. शेजारच्या गल्लीतल्या पोरांना घ्या, भेगांतलं पाणी मोहल्ला विचारत नाही. मुलींनी पुढं असावं, कारण घरात पाणी त्याच भरतात.

आमच्या बोअरचं काय झालं? पिण्यासाठी बंद केला. भाऊ म्हणाला, फरशी काढून टाकू, लोक हसतील. अम्मी म्हणाली, नाव राहू दे, त्याखाली खरं काय ते लिहा. आता अब्बांच्या नावाखाली लाल रंगात लिहिलंय : हे पाणी पिऊ नये, फक्त धुण्यासाठी.

शोषखड्ड्याची जागा बदलायला आम्ही त्या घरासोबत वर्गणी गोळा करतोय. मग पुन्हा नमुना देऊ.

जय संविधान.